चारशे किलो दिलासा

माणसाने नगरपालिकेकडे काही मागू नये. मागितलंच तर एकच गोष्ट मागावी. पसंतीक्रमाने तीन गोष्टी मागायची वेळ आली, तर सरळ घरी यावं आणि पांघरूण घेऊन झोपावं. चौतीस वर्षं सरकारी नोकरी करूनही हे शहाणपण मला आलं नव्हतं. ते एका ट्रकने आणून दारात ओतलं.

नोकरी पाणीपुरवठा खात्यात, हेडक्लार्कची. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. तरी नदीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा गच्चीवर कुडकुडत उभे असलेले शेजारी मला म्हणत होते, की साहेब, आज दाब चांगला आहे. संकटात माणसाची खरी ओळख पटते म्हणतात. माझ्या शेजाऱ्यांची मला आधीच पटलेली होती.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, तेव्हा आमच्या घरात पाण्याचा थेंब आला नाही. आली ती ताई. माझी थोरली बहीण याच इमारतीत तळमजल्यावर एकटी राहायची. पाणी चढायला लागलं तशी एक पिशवी घेऊन ती वर आली, आणि पूर दोन दिवसांत ओसरला तरी ती खाली गेली नाही.

ताई कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर माप घेतात, ते माप ताईकडे येतं, ताई त्यावरून प्लास्टरचा साचा काढते आणि साच्यावर कवळी घडवते. चाळीस वर्षं तिने दुसरं काही केलं नाही. तिच्या पुढच्या खोलीत एक लाकडी मांडणी होती, तिच्यावर आख्ख्या वस्तीची तोंडं नंबर टाकून ओळीने मांडलेली. कुणी गल्लीत फार आवाज चढवला की ताई म्हणायची, त्याचं काय मनावर घेता, त्याची खालची बत्तिशी माझ्याकडे आहे. मांडणीच्या अगदी डाव्या टोकाला एक साचा बिननंबरचा होता. तो भाऊजींचा. भाऊजींना कवळी कधी लागली नाही. लग्न नवं असताना ताईने हात बसावा म्हणून त्यांचं माप घेतलं होतं. डावा सुळा शेजारच्या दातावर रेललेला आणि पुढच्या दाताचा टवका उडालेला, कारण बाटलीचं झाकण दातांनी उघडण्यात भाऊजींना पराक्रम वाटायचा. भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली. फोटोंत ते सगळीकडे तोंड मिटून बसलेत. हसताना होते ते फक्त त्या साच्यात.

पुरात मांडणी कोसळली. ताई रडली नाही. तिने माझ्या घरातली फरशी पुसायला घेतली, आणि सात आठवडे ती फरशी पुसतच राहिली.

सुरुवातीला आम्हाला कौतुक वाटलं. मग मला घरात शिरताना तीनदा पाय धुवावे लागू लागले: एकदा खाली, एकदा जिन्यात, एकदा उंबऱ्याबाहेर ठेवलेल्या परातीत. पेपरवाला पेपर टाकायचा तोही दोन बोटांनी. बायकोने आधी सगळं चालवून घेतलं. पण एके दिवशी तिने मला आत बोलावलं आणि हळूच म्हणाली, "अहो, वन्सं पुसतात त्याचं मला काही नाही. पण आज मी खुर्चीत बसले होते, तर त्यांनी खुर्ची माझ्यासकट पुसली."

तिकडे डॉक्टरांकडून निरोपावर निरोप येत होते. निम्म्या गल्लीच्या कवळ्या रात्री पेल्यात ठेवलेल्या असताना पेल्यांसकट वाहून गेल्या होत्या. समोरचे घड्याळवाले आजोबा, म्हणजे ज्यांनी पन्नास वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली ते, महिनाभर नुसत्या पातळ पदार्थांवर होते आणि स्वभावाने दाट होत चालले होते. ताईचं उत्तर एकच: माझं काम संपलं. तिच्या खोलीची किल्ली तिने माझ्याकडे दिली होती आणि परत मागितली नव्हती.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी तोवर बायकोलाही सांगितली नव्हती. पूर ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशी ताई वर तापाने फणफणली होती. मला बंधुप्रेमाचा उमाळा आला, आणि उमाळा आला की माझ्या हाताला काही धरबंध राहत नाही. मी फावडं घेतलं आणि तिची खोली एकट्याने साफ केली. गाळात पांढरे गोळे लागत होते. भिंतीचं प्लास्टर पडलं असेल म्हणून तेही भराभर बाहेर काढले, नगरपालिकेच्या ट्रकवर चढवले. शेवटच्या फावड्यातला एक गोळा ट्रकवर पडताना उलटला, तेव्हा तो माझ्याकडे बघून हसत होता. एक दात टवका उडालेला. मला काय झालं ते कळेपर्यंत ट्रकने वळण घेतलं होतं. ताईला मी सांगितलं, सगळं पाण्याबरोबर वाहून गेलं. ती बरं म्हणाली आणि बादली मागितली.

तेव्हापासून ती पुसायला वाकली की मी पाय वर घेऊन पेपरमागे लपायचो. ताईला परत खाली, तिच्या टेबलाशी बसवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. नुसतं बंधुप्रेम होतं असं म्हणत नाही. चोराच्या मनात चांदणं.

अशात नगरपालिकेची पाटी दिसली. सांस्कृतिक विभागाने पूरग्रस्त वस्त्यांसाठी 'कलेतून दिलासा' नावाची योजना काढली होती. गाळ काढला, औषध फवारलं, आता लोकांच्या मनाचंही काही बघावं, असा विचार तिथल्या कुणीतरी केला होता. मी त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला आणि अर्ज आणायला गेलो. खिडकीत एक बाई होत्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्या साखळीला धरून विचार करायच्या.

अर्ज दोन पानी होता. 'दुःखाचा प्रकार (एकच निवडावा)'. 'दुःखाची तीव्रता: सौम्य, मध्यम, तीव्र'. 'दुःखितांची एकूण संख्या (बारा वर्षांखालील अर्धे धरावेत)'. इथे मी साडेत्रेपन्न लिहिलं. असा अर्ज मी स्वतः तयार केला असता तर मला अभिमान वाटला असता. शेवटी होतं: 'इच्छित कला, पसंतीक्रमाने तीन'.

मला हवी होती बासरी. संध्याकाळी अंगणात कुणीतरी बासरी वाजवावी, ताईने गॅलरीत येऊन ऐकावी, डोळे टिपावेत आणि फरशीचं फडकं कायमचं ठेवून द्यावं, इतका साधा बेत. मी पहिल्या ओळीत बासरी लिहिणार, तेवढ्यात शेजारचे अनुभवी आले. त्यांचं प्रत्येक वाक्य 'माझा अनुभव असा' असं सुरू होतं, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव दिलंय. अनुभवींचा अनुभव असा होता, की पहिली पसंती कार्यालय नामंजूर करतं, कारण काहीतरी नामंजूर केल्याशिवाय साहेबाला सही केल्यासारखं वाटत नाही. दुसरी प्रलंबित राहते. तिसरी पदरात पडते. तेव्हा हवं ते तिसरं लिहायचं, आणि पहिलं असं लिहायचं की ते मिळणं अशक्यच.

चौतीस वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसलेलो. खरंच तसं चालायचं. मी तिसरी बासरी लिहिली, दुसऱ्या कठपुतळ्या, आणि पहिल्या जागेसाठी यादी चाळली. यादीत होतं 'मातीकाम'. महिनाभर गाळ उपसून ज्यांच्या कमरा गेल्या, त्यांना नगरपालिका वर माती देईल हे कुणाला स्वप्नातही पटलं नसतं. मी ठळक अक्षरात मातीकाम लिहिलं आणि अनुभवींनी माझ्या पाठीवर थाप मारली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पहिली पसंती मंजूर. एवढ्यावर भागलं असतं तर मी नशिबाला दोष देऊन गप्प बसलो असतो. पण पुढे लिहिलं होतं, की सतरा पूरग्रस्त वस्त्यांपैकी मातीकामाची मागणी केवळ आपल्या वस्तीने केली असल्याने, सतराही वस्त्यांसाठी राखून ठेवलेली माती, एकूण चारशे किलो, आपणास देण्यात येत आहे. मी धावत खिडकीशी गेलो. साखळीवाल्या बाईंनी माझं अभिनंदन केलं. त्यांच्या साहेबांनी फाईलवर शेरा मारला होता: 'जखमेवरच बोट ठेवणारा धाडसी अर्जदार. अनुकरणीय.' असा शेरा मला आख्ख्या नोकरीत मिळाला नव्हता. मी आभार मानून परत आलो. स्तुती ऐकली की माझी विचारशक्ती अशी खालच्या पट्टीत जाते.

ट्रक गुरुवारी सकाळी आला. माती गोण्यांतून यायची होती, पण गोण्या पूरनिवारणाला गेल्या होत्या, म्हणून माती सुटीच आली. ड्रायव्हरने ती आमच्या इमारतीसमोर ओतली आणि माझ्याकडून तीन प्रतींवर लिहून घेतलं, की माल सुस्थितीत मिळाला. मग तो गेला, आणि मी त्या काळ्या, ओल्या, चकाकत्या ढिगाशेजारी उभा राहिलो.

गल्ली बाहेर आली. कोपऱ्यावरच्या काकूंनी पदर खोचला आणि आत जाऊन फावडं आणलं. त्यांचं बघून बाकीच्यांनी आणलं. इतक्या आठवड्यांत आमच्या लोकांना सवयच जडली होती, माती दिसली की हात आपोआप फावड्याकडे जायचा. मी ओरडत होतो, पण फावड्यांच्या आवाजात ऐकू गेलं नाही. पंधरा मिनिटांत शंभर किलो दिलासा कोपऱ्यावर कचऱ्याच्या जागी शिस्तीत रचून झाला. मग कुणीतरी विचारलं, की पूर आला नाही तर गाळ आला कुठून. मी सांगितलं, माझ्या अर्जावरून आला. तेव्हा मात्र सगळ्यांना नीट ऐकू गेलं. त्यानंतर माझ्याकडे जसं बघितलं गेलं, तसं लोकांनी नदीकडेसुद्धा बघितलं नव्हतं.

माझा स्वाभिमान गोळा करतो न करतो तोच स्वच्छता विभागाचा मुकादम ट्रक घेऊन हजर. त्याच्या माणसांनी कोपऱ्यावरचा ढीग उचलला सुद्धा. मी आडवा आलो. म्हटलं, हा गाळ नाही, ही कला आहे.

मुकादमाने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "साहेब, दोन महिने मी दुसरं काही उचललेलं नाही. गाळ मला झोपेत ओळखू येतो."

बराच वाद झाल्यावर तो एवढ्यावर आला, की ही माती गाळ नाही असं लेखी पत्र आणा. तोवर रस्त्यावर ठेवता येणार नाही, दुपारी येऊन उरलेली उचलतो. मी पुन्हा खिडकीशी. साखळीवाल्या बाई म्हणाल्या, पत्र जरूर देऊ, पण ही कला आहे असं आत्ता कसं लिहिणार. शिबिर होईपर्यंत ते साहित्य आहे, शिबिर झाल्यावर ती कला होईल. मी म्हटलं, मग ते साहित्य आहे असं लिहून द्या. त्या म्हणाल्या, साहित्याची शाखा वेगळी आहे, ती कवितांचं बघते. मी परत आलो.

अनुभवी माझी वाटच बघत होते. त्यांचा अनुभव असा, की रस्त्यावर असतो तो गाळ आणि घरात असतं ते सामान. तेव्हा माती कुणाच्या तरी घरात ठेवावी. कुणाच्या घरात, या प्रश्नावर गल्लीतली दारं एकेक करून बंद झाली. शेवटी सगळ्यांचे डोळे एकाच दाराकडे वळले. तळमजल्यावरचं, रिकामं, ज्याची किल्ली माझ्या खिशात होती.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मुकादमाचा ट्रक वळणावर दिसायला लागला होता, आणि संकटात मला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे शेवटी ऐकलेला. मी कुलूप उघडलं. ज्या खोलीतून मी गाळ उपसला होता, त्याच खोलीत, त्याच फावड्याने, मी माती भरायला लागलो. अनुभवी घमेली देत होते. तिसऱ्या घमेल्याला मी सहज वर बघितलं. गॅलरीत ताई फडकं झटकायला आली होती. तिचा हात हवेतच थांबला होता.

सात आठवड्यांत ताईने जिन्याची एक पायरी उतरलेली नव्हती. त्या दिवशी ती दोन मजले कशी उतरली ते मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा ती दारात होती, हातात फडकं, आणि माझ्या घमेल्याकडे बघत होती.

"हे काय करतोयस?"

मी म्हटलं, "दिलासा आणलाय."

तिने खोलीभर नजर फिरवली. रिकामी भिंत, मांडणी होती तिथे खिळ्यांची भोकं, आणि खाली मातीचा डोंगर. त्यापेक्षा तिने मला दोन थपडा दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तेवढ्यात मागून कुणीतरी कुजबुजत नमस्कार केला. ते शिबिर घ्यायला आलेले शिल्पकार होते. लांब बोटं, लांब मान, आणि आवाज असा, की तो ऐकायला आपणच त्यांच्याजवळ जावं. त्यांनी खोली पाहिली, माती पाहिली, आणि जागा फार योग्य निवडलीत म्हणून माझं कौतुक केलं. इथे पुराच्या आठवणी आहेत, शिबिर इथेच घेऊ, म्हणाले. ताई नको म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "घ्या. पण पाय धुऊन."

शनिवारी शिबिर भरलं. साडेत्रेपन्नांपैकी एकवीस आले, त्यातले सात मला बोलायलाच आले होते. ताई दारात परात घेऊन उभी राहिली आणि तिने सगळ्यांचे, शिल्पकारांचेसुद्धा, पाय तपासले. शिल्पकारांनी प्रत्येकाच्या पुढ्यात मातीचा गोळा ठेवला आणि कुजबुजले, की मातीशी बोला. कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, की दोन महिने तेच करतोय आणि जे बोललो ते इथे पोराबाळांसमोर सांगता येणार नाही.

तरीही लोक बसले. हात घातल्यावर मातीचं एक असतं, ती सोडवत नाही. कुणी वाटी केली, कुणी घर केलं. मी घोडा करायला घेतला. पूर आला म्हणून काय झालं, मनुष्याने उसळून उभं राहावं, असा त्यात विचार होता. अनुभवी मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, की सोफा चांगला जमलाय, हातही द्या त्याला.

घड्याळवाले आजोबा मात्र कुणाशी बोलत नव्हते. चष्मा नाकावर सरकवून ते एकाग्रतेने एक वाकडा पट्टा वळत होते आणि त्यावर मातीच्या गोळ्या चिकटवत होते. ते स्वतःची कवळी करत होते. ताई दारातून बघत होती. तिने एकदा नजर फिरवली, मग परत बघितलं. आजोबांनी आणखी एक गोळी चिकटवली. ताईने परात खाली ठेवली.

"वरची दाढ अशी नसते," ती म्हणाली.

आजोबांनी खांदे उडवले. त्यांच्या मते असतेच. ताई दोन पावलं आत आली. आजोबांनी मुद्दाम, अगदी माझ्या डोळ्यांदेखत मुद्दाम, दुसरी दाढ त्याहून वाईट केली. पन्नास वर्षं ज्याने केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या त्या माणसाला एक दाढ जमू नये, यावर माझा आजही विश्वास नाही. पण चुकीचं काम समोर होत असताना गप्प बसणं ताईला जन्मात जमलेलं नाही. तिने फडकं कमरेला खोचलं, आजोबांच्या पुढ्यातला गोळा ओढून घेतला आणि अंगठा त्यात रुतवला.

पाहता पाहता दाढ झाली. चार उंचवटे, मधली खाच, सगळं. मग तिच्या शेजारची. ताईने केसांतली पिन काढली आणि तिच्या टोकाने हिरडीची कड कोरली. वीस मिनिटांत आजोबांची वरची बत्तिशी टेबलावर हजर. तुमची उजवी बाजू झिजलेली असायची, तुम्ही त्याच बाजूने चावता, असं ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. आजोबांनी ती मातीची बत्तिशी तळहातावर घेतली आणि ते बोळक्या तोंडाने इतके हसले, की शिल्पकारांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग झुंबड उडाली. माझे आठवतात का, माझे आठवतात का, म्हणत आख्खी गल्ली तोंडं उघडून ताईभोवती उभी राहिली. ताईला सगळे आठवत होते. नंबरासकट. कोपऱ्यावरच्या काकूंना तिने सांगितलं, की तुमच्या सुनेला सांगता ते खोटं आहे, तुमची अक्कलदाढ कधी आलीच नाही. अनुभवींना त्यांच्या दोन पुढच्या दातांमधल्या फटीचं माप सांगितलं. लोक हसत होते, एकमेकांच्या तोंडात डोकावत होते, आणि पुरानंतर पहिल्यांदाच आमच्या गल्लीत असा गोंगाट झाला, की शिल्पकारांना मोठ्याने बोलावं लागलं. त्यांचा खरा आवाज चांगला भरदार निघाला.

शिबिर एक दिवसाचं होतं, ते चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी पाहणी होती. ताई पहाटे उठून खाली गेली तेव्हा फडकं वरच राहिलं होतं. बायकोने ते बघून मला उठवलं, आणि आम्ही दोघं त्या फडक्याकडे बघत बसलो.

साखळीवाल्या बाई दहाला आल्या, हातात तक्ते. टेबलांवर सदतीस बत्तिशा मांडल्या होत्या, शेवटी माझा घोडा. बाई साखळी धरून पहिल्या टेबलापासून चालत गेल्या. त्यांना नद्या, झाडं, फार तर अश्रू अपेक्षित होते. त्यांनी शिल्पकारांकडे बघितलं. शिल्पकार म्हणाले, की बाई, पंधरा वर्षांत असं शिबिर बघितलं नाही. बाईंनी तक्त्यात 'अमूर्त' असं लिहिलं. घोड्यापुढे थांबून त्यांनी विचारलं, की बसायची सोय इथे आहे का.

डाव्या टोकाला एक बत्तिशी थोडी वेगळी ठेवलेली मला तेव्हा दिसली. नंबर नसलेली. डावा सुळा शेजारच्या दातावर रेललेला, पुढच्या दाताचा टवका उडालेला. आठवणीतून, बोटांनी, अगदी तश्शी. सांगून टाकावं असं वाटलं, सगळ्यांदेखत. मी तोंड उघडलं.

आणि दारात मुकादम उभा राहिला. शिबिर संपलं असं त्याला कळलं होतं, तो उरलेली माती न्यायला आला होता. पण आत एक पाऊल टाकून तो मागे सरला.

"हेच ते," तो म्हणाला. "याच दारातून निघालेल्या गाळात असेच दात निघाले होते. पांढरे. आमची दोन माणसं घाबरून रजेवर गेली." मग त्याने बोट केलं. "फावडं या साहेबांच्या हातात होतं."

आजोबा माझ्याकडे बघत होते, काकू बघत होत्या, बायको बघत होती. मी ताईकडे बघितलं. ताई एका बत्तिशीची कड पिनेने साफ करत होती. तिने मान वर केली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "फावड्याला प्लास्टर लागलं होतं. वाळून दगड झालं होतं. मीच घासून काढलं."

"ताई..."

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. सात आठवडे. तुझ्याच घरात, तुझ्याच पायाशी." तिने पिन केसांत खोचली. "आता कुणाला सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ."

मला बोलायचं होतं. प्लास्टर वाटलं म्हणून सांगायचं होतं, ट्रक वळला म्हणून सांगायचं होतं, त्या दिवसापासून नीट झोपलो नाही ते सांगायचं होतं. चौतीस वर्षं खुलासे लिहून घेतलेला माणूस मी, एक शब्द सुचेना. ताईने माळ्यावरून एक डबा काढला. मापाची पावडर. तेवढी एकच वस्तू पाण्याच्या वर राहिली होती. तिने वाटीत पावडर घेतली, पाणी घातलं, कालवलं. स्टीलचा ट्रे पुसून त्यात तो गुलाबी लगदा भरला आणि खिडकीजवळची खुर्ची पायाने ओढली.

"बस इथे. मांडणी पुन्हा भरायची आहे. एक नंबर तुझा."

मी बसलो. तिने माझी हनुवटी धरली, लहानपणी औषध पाजताना धरायची तशी, आणि ट्रे तोंडात दाबला. मी ट्रेसकट, लगद्यासकट, तीन वेळा सॉरी म्हणालो. जे बाहेर आलं ते ऐकून आजोबा हसायला लागले. ताईही हसली. माझी मान धरून, माझ्या डोक्यावर वाकून, सात आठवड्यांचं साठलेलं हसली, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या कपाळावर पडलं.

"गप्प बस," ती म्हणाली. "तीन मिनिटं हलायचं नाही."

नेमक्या तेव्हाच साखळीवाल्या बाई तक्ता घेऊन माझ्यासमोर आल्या. अर्जदार म्हणून शेवटचा प्रश्न मला होता. त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं, की या योजनेतून आपणास दिलासा मिळाला का. असल्यास थोडक्यात वर्णन करा. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या कानांत जात होत्या, आणि ताईचा हात माझ्या हनुवटीवर घट्ट होता. बाई जरा थांबल्या. मग त्यांनी मान हलवली आणि रकाना भरला.

सांस्कृतिक विभागाच्या दप्तरी आजही माझ्या नावापुढे तो शेरा आहे: 'लाभार्थीने काहीही सांगण्यास नकार दिला.'